सकाळची मोजणी

चार वर्षांनी तुरुंगातून सुटून गोवर्धन जव्हारला घरी आला, तरी पहाटे पाचला उठून ओट्यावर मान खाली घालून नुसता बसायचा. सात वर्षांची ऋतिका बापाशी बोलत नव्हती. आईच्या पदराआडून बघायची. पाचव्या दिवशी तिनं विचारलंच, "हे रोज कशाची वाट बघतात?" "तुरुंगात रोज जोडीजोडीनं बसवून मोजायचे गं. अंगवळणी पडलंय," आई नागलीची भाकरी थापता थापता म्हणाली. ऋतिका वर्गाची मॉनिटर. तिला हा बेशिस्तपणा खपेना. "मग यांची जोडी कुठंय?" ती तरातरा गेली, त्याच्या शेजारी मांडी ठोकून बसली आणि ओरडली, "एक, दोन!" पिठाच्या हातांनीच आई येऊन टेकली. "अन् मी?" गोवर्धनला हसू आवरेना. "जोडी मोडली, मोजणी चुकली! आता पुन्हा पहिल्यापासून." "मग मोजा, बाबा," ऋतिकानं दरडावलं, "पण कुणी जागचं हलायचं नाही!"