एकसुरी

नाटकाच्या तालमीत बाबा नवख्या नटांना एकच शब्द घोकायला लावत, "बस." खालच्या पट्टीत म्हटला की पाहुण्याला खुर्ची मिळते, आवाज चढवला की तोच पाहुणा दाराबाहेर. कर्करोगात स्वरयंत्र काढल्यावर ते गळ्याला बॅटरीचं यंत्र लावून बोलू लागले. त्या आवाजाला चढउतार नव्हता. "एकसुरी नटाला मी हाकलायचो, बाळा," ते एका सुरात म्हणाले होते. आज रुग्णालयात लेक त्यांची उशी सारखी करत, पाय चेपत पुन्हापुन्हा विचारत होती, "पाणी देऊ? पडदा ओढू?" त्यांनी कसंबसं यंत्र गळ्याला टेकवलं. "बस." फारच भंडावलं आपण त्यांना, असं वाटून ती म्हणाली, "बरं बाबा, पडा निवांत," आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. नर्सनं हाक मारली तेव्हा सगळं संपलं होतं. बाबांचा तळहात पलंगालगतच्या रिकाम्या स्टुलावर टेकलेला होता.