डावी बाजू

शेवटचा नट आवळून धाकट्याने पाना खाली ठेवला आणि मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला हाताने एक गिरकी दिली. चाक मुकाट फिरलं. कुठे घासलं नाही, कुठे कुरकुरलं नाही.

त्याचं वय सदुसष्ट, पण वर एक भाऊ होता म्हणून सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरल्याला जाऊन सात महिने झाले तरी हा आपला धाकटाच राहिला होता.

गाडी विलायती, वयाने दोघा भावांच्या बरोबरीची. तिच्या पुढच्या चाकाला दोन बाजूंनी धरणारे जे फोर्कचे दांडे असतात, त्यांच्यावर घड्याघड्यांची रबरी कव्हरं चढवतात, आत धूळ जाऊ नये म्हणून. जुनी कव्हरं चिरून लोंबायला लागली होती. नवी बसवायची म्हणजे आधी चाक उतरवायचं, दांडा वरून सैल करून खाली ओढायचा, रबराला आतून पावडर चोपडून ते त्यावर चढवायचं, आणि मग सगळं होतं तसं परत. दोघांचं काम, आणि इतकी वर्षं ते दोघांनीच केलं होतं. उजवा दांडा धाकट्याचा, डावा थोरल्याचा. दोन बाजूंना दोन स्टुलं. एकमेकांच्या बाजूत नाक खुपसायचं नाही, टोमणे मात्र हवे तेवढे मारायचे. धाकट्याच्या दांड्यातून आतलं तेल गळायचं, थोरल्याच्या कधीच नाही, आणि हे ऐकवल्याशिवाय थोरल्याने एक रविवार सोडला नव्हता. "हात लागतो त्याला, हात!"

या वेळी पैज होती. थोरल्याची मुलगी रोज फोनवर तेच पालुपद लावायची. "काका, एकट्याने किती दिवस काढणार? माझ्याकडे या." तिचं घर सातव्या मजल्यावर. तिथे जायचं म्हणजे गाडी कुणाला तरी देऊन टाकायची. शेवटी तो वैतागून म्हणाला होता, "ही रबरं मी एकट्याने बसवून दाखवतो. दाखवली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." ती कबूल झाली होती.

त्याला सगळा घोर होता तो चाकाचा. एकाने चाक धरायचं आणि दुसऱ्याने त्याच्या मधून एक्सलचा दांडा आरपार सारायचा, अशी त्याची तऱ्हा. त्याने चाकाखाली फळ्या रचल्या, गुडघ्याने ते दाबून धरलं, चार वेळा चुकला आणि पाचव्यांदा एक्सल सरळ आत गेला. गुडघा सोलवटला होता, पण मन लहान पोरासारखं उड्या मारत होतं. हात पुसून त्याने पुतणीला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ!" त्याने आपल्या स्टुलावरूनच फोन धरला. उजव्या दांड्यावरचं नवं रबर काळंभोर चमकत होतं.

"वा काका, मानलं तुम्हाला! आता समोरून दाखवा ना."

तो समोर जाऊन उभा राहिला. पुतणी डोळे बारीक करून बघायला लागली.

"काय झालं? दिसत नाही का?"

"दिसतंय." ती म्हणाली. "काका, डावीकडचं?"

त्याने पाहिलं. डाव्या दांड्यावर जुनंच रबर लोंबत होतं. नवं थोरल्याच्या स्टुलावर होतं. स्वच्छ फडक्यावर, पावडर लावून तयार, शेजारी क्लिपा आणि पाना. सकाळी त्यानेच ते तसं मांडून ठेवलं होतं, नेहमी ठेवायचा तसं.

"डावं माझ्याकडे नसतं गं," तो बोलून गेला.



"चारच वाजलेत अजून," पुतणी हळू आवाजात म्हणाली. "मी काही पाहिलं नाही. झालं की फोन करा."

त्याने चाक पुन्हा उतरवलं. मग मात्र त्याला डावीकडच्या स्टुलावर बसावं लागलं. जन्मात पहिल्यांदा. स्टूल त्याच्या स्टुलापेक्षा ठेंगणं निघालं आणि एका पायाने हलतही होतं. चाळीस वर्षं हा माणूस इथे बसून काही बोलला नाही, असं त्याच्या मनात आलं.

ब्लेडने त्याने जुनं रबर उभं कापून काढलं. आत दांड्याभोवती एक कापडी पट्टी गुंडाळलेली होती. तीन वेढे, वर दोऱ्याची गाठ. तेलाने चिंब, काळीकुट्ट. त्याने ती सोडवून उलगडली. थोरल्याच्या बनियनची पट्टी होती.

म्हणजे डावा दांडाही गळत होता. किती वर्षं, कोण जाणे.

"अरे लबाडा!" धाकटा इतका मोठ्याने हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हात लागतो म्हणे, हात!" पट्टी उंच धरून त्याने समोर पाहिलं, आता काय सबब सांगतोस ते सांग, अशा आवेशात.

समोर त्याचं स्वतःचं स्टूल होतं. हसू एकदम थांबलं नाही. थोडा वेळ ते एकटंच चालू राहिलं आणि मग ओसरलं.

त्याने आपल्या जुन्या बनियनची एक पट्टी फाडली. तसेच तीन वेढे, तशीच गाठ. वरून नवं रबर चढवून क्लिपा आवळल्या. चाक या खेपेला पहिल्या झटक्यात बसलं.

मग त्याने फोन लावला आणि न सांगता समोरून दाखवलं.

"झाली की दोन्ही!" पुतणी म्हणाली. "जिंकलात काका. दिलेला शब्द पाळते. यापुढे मी तो विषय काढणार नाही."

तो अजून डाव्याच स्टुलावर बसला होता. तेलकट पट्टी त्याच्या मुठीत होती.

"काढ गं," तो म्हणाला.