उकंडा नावाचे दोन कैदी

वऱ्हाडात लेकरं जगत नसली की नवं बाळ उकिरड्यावर ठेवून उचलतात आणि त्याचं नाव उकंडा ठेवतात. आमच्या तुरुंगात असे दोन उकंडा होते, एक नांदुऱ्याचा आणि एक अमडापूरचा. नागपूरहून नांदुऱ्याच्या उकंड्याच्या सुटकेचा हुकूम आला. मी तुरुंगातला कारकून. मी नुसतं नाव पुकारलं, समोर आला त्याचा अंगठा घेतला आणि फाटक उघडायला लावलं. दुपारी रजिस्टर पाहतो तर गेला तो अमडापूरचा, त्याची दोन वर्षं बाकी होती. नांदुऱ्याचा खुशाल जात्यावर दळत बसला होता.

"नाव पुकारलं तेव्हा गप्प काऊन बसला बे?"

"त्याची माय मराले टेकली, बाबूजी. चौथ्या दिवशी येतो म्हनला."

वर कळवलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो फाटकाशी उभा होता, डोक्याचं मुंडण केलेलं. "माय गेली," एवढंच बोलला आणि आत जाऊन जात्यावर बसला.

मी नांदुऱ्याच्या उकंड्याला सोडलं. फाटकाबाहेर पाय टाकताच त्यानं मला अमडापूरचा रस्ता विचारला.

"अरे, तुझं गाव तं नांदुरा."

"हाव बाबूजी. पण त्याच्या मायचा दहावा अमडापूरले हाय. पिंड ठेवाले कोनी तं पाह्यजे."