उष्टी हळद

सिरोंच्याच्या हरितगृहात दगडातल्या बीजापासून वाढवलेली दोनच झाडं उरली होती, एक नर आणि एक मादी. ज्युरासिक काळातली ती जात पुन्हा जगात आली होती, पण आता दोघंही थकली होती. मादीला आलेलं हे खवल्याखवल्यांचं कणीस शेवटचंच. यंदा बी धरलं नाही, तर जात परत दगडातच जायची.

"दरवर्षी आपण पराग वरून टाकतो, आणि ते वरच वाळून जातात," डॉक्टर इंदू कुळमेथे म्हणाली. तिच्या भिंगाखाली त्याच काळातला, दगडात उमटलेला एक किडा होता. त्याला मात्र कुणी परत आणू शकलं नव्हतं. "आत्या, बघ ना. याच्या पायांना आणि पोटालाच पराग चिकटलेत. हा वरून उडत यायचा नाही, खालून वर चढायचा!"

"म्हणजे हळदच की, पोरी," हरितगृह सांभाळणारी लच्छूआत्या हसली. "पायापासून वर लावायची. तीही नवऱ्याची उष्टी, नवरीला. पण तू कधी मांडवात उभी राहशील तेव्हा ना!"

"आधी हिचं उरकू दे."

इंदूनं नराचे पिवळे पराग कुंचल्यावर घेतले आणि मादीच्या कणसाला बुडापासून हलके हलके वर लावत नेले. आत्या हळदीचं गाणं गुणगुणत राहिली. दुपार कलली तसे कणसाचे उघडे खवले एकेक करून मिटले. पराग आत पोचल्याची ती खूण; आजवर ते असे कधीच मिटले नव्हते.

इंदूचे डोळे भरून आले. आत्यानं तिच्या हातातला कुंचला घेतला.

"हळद आणणाऱ्याचा मान राहिलाच की," ती म्हणाली, आणि कुंचल्यात उरलेल्या परागांनी पिवळं केलेलं बोट तिनं दगडातल्या किड्याच्या कपाळी टेकवलं.