तिसऱ्या मजल्याची लिफ्ट

बाराला नऊ मिनिटं कमी असताना अध्यक्षांनी सिस्टरचा प्रश्न पुकारला. सिस्टर शेवटच्या रांगेत ताडकन उभी राहिली. निवडून येण्याआधी बावीस वर्षं ती सरकारी रुग्णालयात नर्स होती, त्यामुळे सभागृहातही तिला कुणी नावाने हाक मारत नसे.

तिच्याच जुन्या रुग्णालयाबद्दलचं आरोग्यमंत्र्यांचं छापील उत्तर तिच्या हातात होतं. प्रसूती कक्षाची लिफ्ट अकरा महिन्यांपासून बंद आहे, हे खरे आहे काय? हे खरे नाही, रुग्णालयातील लिफ्ट सुरू आहे. असल्यास, ती केव्हा दुरुस्त होणार? प्रश्न उद्भवत नाही. सकाळपासून तिने हे दहा वेळा वाचलं होतं आणि दहाही वेळा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दिवस भरलेल्या बायका तिथे कठडा धरून तीन मजले चढत होत्या. गेल्या आठवड्यात एकीला दुसऱ्या मजल्याच्या पुढे जाताच आलं नाही. मूल जिन्याच्या वळणावरच झालं. आणि म्हणे प्रश्न उद्भवत नाही! बाराच्या ठोक्याला प्रश्नोत्तरांचा तास संपतो. तोवर तिने मंत्र्यांकडून काही वदवून घेतलं नाही, तर नोंदीत ‘हे खरे नाही’ एवढंच कायमचं राहणार होतं आणि लिफ्टचं नाव पुन्हा कुणी काढणार नव्हतं.

तिने चार पानी भाषण बाहेर काढलं. शेजारच्या घड्याळकाकांनी त्यावर हात ठेवला. काका सहाव्यांदा निवडून आले होते आणि या तासात त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलत नसे, म्हणून हे नाव.

“ठेव ते,” काका कुजबुजले. “तू भाषण केलंस की तोही करणार. आणि भाषणात तो तुझा बाप आहे, बारा वाजवूनच खाली बसेल. एवढुसा प्रश्न विचार. शेपूट नको.”

सिस्टरने पानं बाकावर पालथी घातली. आवाज वॉर्डातलाच निघाला, खणखणीत.

“अध्यक्ष महोदय, लिफ्ट सुरू आहे असं उत्तरात म्हटलंय. कुठली?”

मंत्री प्रसन्न हसत उठले. “सन्माननीय सदस्यांनी आयुष्यभर रुग्णांची सेवा केली, त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. आमच्या शासनाने आरोग्याच्या क्षेत्रात...”

“कुठली लिफ्ट, महोदय?”

“कुठली म्हणजे काय? रुग्णालयातली.”

“रुग्णालयात दोन आहेत.”

मंत्र्यांनी मागे अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहिलं. तिथे कागदांची झटापट सुरू झाली. एक चिठ्ठी लिहिली गेली, शिपायाच्या हाती आली आणि बाकांमधल्या वाटेने निघाली. एरवी चिठ्ठ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, पण आज दोन्ही बाजूंच्या माना तिच्याबरोबर वळत गेल्या. मंत्र्यांनी ती उघडली, मनातल्या मनात वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

“प्रशासकीय इमारतीतली,” ते म्हणाले.

“म्हणजे साहेबांच्या कार्यालयात जाणारी. तिथे कुणी बाळंत होतं का?”

सभागृहात हशा पिकला, बाकं वाजली. मंत्र्यांनी घसा खाकरला. प्रसूती कक्षाच्या लिफ्टचं काम युद्धपातळीवर चालू असल्याचं त्यांनी सांगितलं.

“अकरा महिने युद्धच चाललंय,” सिस्टर म्हणाली.

घड्याळात दोन मिनिटं उरली होती. “तारीख माग,” काका दातांतल्या दातांत म्हणाले, “तारीख!” पण ते सांगायची गरज उरली नव्हती. बावीस वर्षांत तिने किती डॉक्टरांकडून औषधाची वेळ लिहून घेतली होती, त्याला गणती नव्हती.

“तारीख सांगा, महोदय.”

“लवकरात लवकर.”

सिस्टर उभीच राहिली. अध्यक्षांनी घंटा वाजवली. “सन्माननीय सदस्य, खाली बसा.”

“बसते, अध्यक्ष महोदय. तारीख मिळाली की लगेच बसते.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग मंत्र्यांकडे. “द्या की हो तारीख,” ते म्हणाले. “साधं तर विचारतायत.”

मंत्र्यांनी पुन्हा मागे पाहिलं. या वेळी चिठ्ठी आली नाही. कक्षातले सगळे आपापल्या फायलींत डोकं खुपसून बसले होते. मंत्री एकटे पडले होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ते दिवसभरात पहिल्यांदाच सरळ उभे राहिले.

“पंधरा तारखेला लिफ्ट सुरू होईल,” ते म्हणाले. “उद्घाटनाला मी स्वतः येईन.”

दुरुस्त केलेल्या लिफ्टचं उद्घाटन ऐकून काकांनी कपाळाला हात लावला. लेखनिकाने मात्र तारीख लिहून घेतली, आणि सिस्टरला आतून एकदम हलकं वाटलं. बसता बसता ती पुन्हा उभी राहिली.

“या, अवश्य या. आणि लिफ्ट बंद दिसली तरी खालूनच परत फिरू नका. माझ्या तिघी मैत्रिणी अजून तिथे ड्युटीवर आहेत, चौथी मी. स्ट्रेचरवर घालून नेऊ तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर. घाबरायचं काही नाही, महोदय. जिना चढताना डोक्याची बाजू आम्ही नेहमी वर धरतो.”