अंगण वाकडं

"लागला," गाडीच्या मागून सून म्हणाली. आणि लगेच, "गेला."

"गेला कसा? माझा पाय ब्रेकवरच आहे."

"परत लागला. गेला, बाबा."

ड्रायव्हरसाहेबांनी ओठ आवळले. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला गल्लीनं दिलेलं हे नाव, आणि त्यांची स्वतःची गाडी भर चौकात पोलिसानं अडवावी? नातीला शाळेत सोडून परतताना आज सकाळी तेच झालं होतं. आजोबा, मागचे दिवे लुकलुकतायत, मागच्यानं समजायचं काय, असं त्यानं विचारलं होतं. मुलगाही काही दिवस हेच सांगत होता, वर 'आता ही गाडी भंगारात द्या' असंही म्हणाला होता. ते त्यांना फार झोंबलं होतं. शाळा सुटायच्या आत दोष शोधायचा आणि याच गाडीतून नातीला घरी आणायचं, असा त्यांनी विडाच उचलला होता.

एक दिवा गेला असता तर बल्ब म्हटलं असतं, ते सुनेला समजावू लागले. दोन्ही एकदम जातात, म्हणजे दुखणं फांदीला नाही, मुळाला आहे. फ्यूज काढून पाहिला, तो धड होता. वायरींची टोकं घासून लख्ख केली, तरी तेच. राहिला पॅडलवरचा स्विच. पॅडल खाली गेलं की दिवे लावायचे, वर आलं की विझवायचे, एवढंच त्याचं काम. स्टिअरिंगखाली पाठ मोडेस्तोवर वाकून त्यांनी तो बदलला आणि जुना सुनेच्या हातावर ठेवला.

"हा खरा चोर."

सुनेनं मान डोलावली. अंगणात मागे राहिलेली त्यांची उजवी चप्पल तिनं उचलून आणली होती, ती त्यांच्या पायाशी ठेवली. हल्ली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मागे तळव्याला टाचणी टोचून 'लागतंय का' विचारलं, तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी 'लागतंय की' म्हणून ठोकून दिलं होतं.

ते पुन्हा बसले, ब्रेक दाबला. मागून पुन्हा तेच, लागला, गेला.

"तू बस. मी बघतो."

चावी ते मुलालाही देत नसत, त्यामुळे गाडी चालवता येत असूनही सून त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होती. सीट इतकी मागे, की पॅडल गाठायला तिला पार पुढच्या कडेला सरकावं लागलं. तिनं ब्रेक दाबला. दिवे लागले आणि लागूनच राहिले. ड्रायव्हरसाहेबांनी डिकीवर थाप मारली, वायर ओढून पाहिली, बंपरला लाथ घातली. दिवे ढिम्म. त्यांचा चेहरा खुलला. स्विच आता रुळला असणार, म्हणून शेवटची खात्री करायला ते स्वतः बसले.

"लागलाय, बाबा," मागून आवाज आला.

ते थांबले. 'गेला' काही आलं नाही.

"छान लागलाय. एकदम स्थिर."

उगाच छान म्हणणाऱ्यातली ती नव्हती. त्यांनी वरच्या आरशात पाहिलं. गाडी शेडमध्ये पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उभी होती. भिंतीवर लाल उजेड आला आणि गेला. परत आला, परत गेला. त्या उजेडात सून हाताची घडी घालून उभी होती.

मग त्यांनी खाली पाहिलं. चप्पल पॅडलच्या बाजूला पडली होती. अनवाणी पाय पॅडलच्या कडेवरून घसरत होता, आपसूक चढत होता, पुन्हा घसरत होता. त्यांना मात्र तो घट्ट रोवलेलाच वाटत होता. नात मागच्या सीटवर बसून शाळेपर्यंत गाणी म्हणते, हे त्यांना आठवलं.

डेपोत एखादा नवा ड्रायव्हर ब्रेकची तक्रार घेऊन आला, की ते स्वतः ती बस फिरवून आणत आणि चावी परत देताना म्हणत, नाचता येईना अंगण वाकडं. घरातही सुनेनं शिलाई मशीनला नावं ठेवली तरी हीच म्हण, नातीनं पेन्सिलीला दोष दिला तरी हीच.

ते उतरले. स्विचवरचं झाकण बसवलं, दिव्यांच्या काचांचे स्क्रू पिळले, हत्यारं पुसून डब्यात ठेवली. काही अर्धवट सोडलं नाही. सून जवळ आली आणि उद्या गॅरेजला दाखवू म्हणाली, इतक्या जुन्या गाडीचा काय भरवसा.

"गाडीला नावं ठेवू नकोस," ते म्हणाले. "अंगण सरळ आहे."

 म्हण तिला पाठ होती.

शाळा सुटायची वेळ होत आली होती. ड्रायव्हरसाहेबांनी वाकून सीटखालचा दांडा ओढला. त्यांच्या लांब पायांच्या मापानं वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेली सीट गंजून बसली होती. त्यांनी तेल सोडलं, दात-ओठ खात दोन्ही हातांनी हिसके दिले. शेवटी ती करकरत पुढे आली. चावी त्यांनी सुनेच्या हातात दिली, चप्पल उचलली आणि पलीकडच्या दारानं आत जाऊन बसले.

"पोचतो का पाय?"

तिनं ब्रेक दाबला. बाजूच्या आरशात भिंत लाल झाली. ते बराच वेळ बघत होते. ती लालच राहिली.