प्रात्यक्षिकाला एक माणूस

"मंगळुरूचं कॉलेज चांगलं हाय म्हणत्यात," प्रणिता म्हणाली, आणि तिचा नवरा महांतेश रिक्षाबाहेर बघू लागला.

रिक्षा बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये, बेळ्ळंदूरला अडकून पडली होती. आयसीयूत नर्स म्हणून बरीच वर्षं काढल्यावर प्रणिताला आता नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर कोर्स करायचा होता. मनात कॉलेजं दोन. मंगळुरूचं, म्हणजे दोन वर्षं हॉस्टेल. आणि सर्जापूर रोडचं, जे बघायला दोघं आज निघाले होते.

ही मंगळुरूला गेली तर? दुसरं काही महांतेशला सुचतच नव्हतं. के. आर. पुरमच्या आपल्या दोन खोल्यांत तिच्याशिवाय राहायचं, या नुसत्या कल्पनेनं त्याचा जीव घाबरा व्हायचा. काळजीनं पित्त खवळलंय, हे निदानही त्याचं त्यानंच केलं होतं. जिना चढला की छातीत जळजळायचं, डावी दाढ ठणकायची. सुरुवातीला प्रणितानं दवाखान्याचं नाव काढलं, तेव्हा त्यानं आकाशपाताळ एक केलं. त्याचे वडील मल्लाप्पा दवाखान्यात शिरले होते आपल्या पायांनी आणि बाहेर आले चौघांच्या खांद्यावर. तेव्हापासून, बायको नर्स असूनही, महांतेशनं तिच्या हॉस्पिटलचं फाटक कधी ओलांडलं नव्हतं. तिनंही मग तो विषय सोडला. घरात पुढं बोलणं व्हायचं ते कॉलेजांचंच.

हे कॉलेजही नेमकं एका हॉस्पिटलच्या आवारात निघालं. फाटकापाशी तो थांबला.

"तुम्ही हितंच थांबतासा काय?" प्रणिता शांतपणे म्हणाली. "थांबा की. मग माझं मी ठरवते."

तिचं ती ठरवणार म्हणजे मंगळुरूच. तो निमूट आत शिरला.

जिन्याच्या वळणावर तो थबकला आणि भिंतीवरची पाटी वाचत असल्यासारखं दाखवू लागला. पाटी कन्नडमध्ये होती, दोन ओळींची. प्रणिता दोन पायऱ्या वर थांबून त्याच्याकडे बघत राहिली. चला म्हणून तिनं घाई केली नाही.

कॉलेजात प्रवेशाचं बघणाऱ्या निवेदिता मॅडम बेळगावच्या, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं.

"इथं डॉक्टर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पेशंटपाशी उभं राहून निर्णय तू घ्यायचा. जमेल?"

"जमवायलाच पाहिजे," प्रणिता म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

महांतेश खुर्चीत पुढं सरकला. हिला इथं नाही म्हणाले की संपलंच.

"बरं. प्रात्यक्षिक बघू. ईसीजी काढून दाखव. एरवी पोरं एकमेकांवरच शिकतात, पण आज वर्गाला सुट्टी आहे. एक माणूस लागेल."

दोघीही त्याच्याकडे बघू लागल्या.

दुसऱ्या कशासाठी म्हणून महांतेश त्या पलंगावर आडवा झाला नसता. त्यानं शर्ट काढला, डोळे मिटले आणि आपल्यामुळं हिचं काही बिघडू नये म्हणून अगदी हळू श्वास घेऊ लागला. प्रणिताची बोटं बर्फासारखी गार होती. एक चिमटा तिच्या हातून दोनदा निसटला. इतक्या वर्षांचा हात, आणि असा चुकतोय? त्याला तिची फार दया आली.

"भिऊ नको गं," तो कुजबुजला. "बरोबर काढायलीस."

तिनं बटण दाबलं. यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. निवेदिता मॅडमनी तो पाहिला, प्रणितानंही पाहिला आणि ती शेजारच्या स्टुलावर मटकन बसली. मॅडमनी फोन उचलला आणि कन्नडमध्ये कुणाला तरी चाकाची खुर्ची घेऊन ताबडतोब वर यायला सांगितलं.

सगळं फसलं. महांतेश धडपडत उठू लागला. "मॅडम, चुकली असंल तर परत काढू दे की तिला. मी पडून ऱ्हातो, कितीबी वेळ. पर हितंच घ्या तिला, मंगळुरूला नको."

मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा निजवलं.

"तिनं इथं प्रवेश घेतलाय, गेल्याच आठवड्यात," त्या म्हणाल्या. "आज ती फक्त तुम्हाला घेऊन आलीय."